धुळ्याच्या सशांचं औषध

सोमवारी सकाळी रोशनीला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं होतं. जळगावातल्या ट्रस्टच्या दवाखान्याच्या तळघरात तिला धुळ्याच्या सशांसाठी औषध बनवायचं होतं, आणि त्याच इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर तिचा धाकटा भाऊ चैत्राम आदल्या दुपारपासून तापाने फणफणत पडला होता.

रविवारी आई त्याला यावलहून बसने घेऊन आली होती. स्टँडवर उतरेपर्यंत त्याने दात आवळून धरले होते, पण रिक्षात बसताना उजवा पाय वाकवायची वेळ आली आणि तो ओरडला. रोशनीने मांडीला हात लावला. गुडघ्याच्या वरची जागा गरम लागत होती, सुजली होती.

"परत तेच," आई म्हणाली. आईचं नाव जिवली. तिने एवढे दोनच शब्द बोलून पदराने चैत्रामचं तोंड पुसलं.

चैत्रामला जन्मापासून सिकलसेल. सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांच्या पावरा पाड्यावर हा आजार बऱ्याच घरांत आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांमध्ये अडकून बसतात, आणि हाडाच्या एखाद्या भागाला रक्त पोचलं नाही की तो भाग आतून ठणकायला लागतो. ताप येतो, सूज येते. पण हाडात जंतू शिरले तरी नेमकं हेच होतं, आणि सिकलसेलच्या माणसाच्या हाडात जंतू लवकर शिरतात. बाहेरून दोन्ही सारखं दिसतं. रक्त अडलं असेल तर सलाईन, वेदनेचं औषध आणि आराम. जंतू असतील तर अँटिबायोटिकचा लांबलचक कोर्स, कधी ऑपरेशन.

चैत्राम शाळेत असताना दुसऱ्या एका दवाखान्यात त्याची डावी मांडी उघडली होती. आत पू नव्हता. डॉक्टरांचा तरी काय दोष, त्यांना बाहेरून कळायला मार्ग नव्हता. पण पोरगं वर्षभर काठी घेऊन चाललं आणि त्याची शाळा सुटली ती सुटलीच. रोशनी तेव्हा फार्मसी शिकत होती. पुढे तिने मुंबईला जाऊन किरणोत्सारी औषधं बनवायचं शिक्षण घेतलं त्यामागे तो पाय होता, असं ती कुणाला सांगत नसे. घरी सगळ्यांना ठाऊकच होतं.

आता ती ज्या औषधावर काम करत होती ते याच गोंधळासाठी होतं. प्रथिनाचा एक लहानसा तुकडा, जो जंतूंना जाऊन चिकटतो आणि नुसत्या सुजेला चिकटत नाही. त्या तुकड्याला टेक्निशियम नावाचा किरणोत्सारी पदार्थ जोडायचा, शिरेतून टोचायचं आणि कॅमेऱ्याखाली बघायचं. जिथे जंतू तिथे उजळायला हवं. टेक्निशियम दर सहा तासांनी निम्मं होत जातं, दुसऱ्या दिवशी अंगात नावालाच उरतं, म्हणून ते दवाखान्यांत रोज वापरतात. प्रथिनाचा तुकडा मात्र नवा होता. तो अजून कोणत्याही माणसाला दिलेला नव्हता. धुळ्याच्या एका संशोधन केंद्रात सशांवर त्याची पहिली चाचणी चालू होती. ससे आणि छोटा कॅमेरा धुळ्याला, टेक्निशियम जळगावला. त्यामुळे औषध इथे बनवायचं आणि शिशाच्या डब्यात ठेवून गाडीने दोन तासांत तिकडे पोचवायचं, अशी सोय लावली होती.

सोमवारी सकाळी रोशनी तळघरात उतरली. जनरेटर शनिवारी मुंबईहून आला होता. शिशाच्या जाड भिंतींमागे ठेवलेला तो बादलीएवढा डबा. त्याच्यातून मिठाचं पाणी ओढून घेतलं की टेक्निशियम त्या पाण्यासोबत बाहेर येतं. विभागातले सगळे त्याला गाय म्हणत. "गाय दोहली का?" हा तिथला सकाळचा पहिला प्रश्न.

तिने गाय दोहली. शिशाच्या काचेपलीकडे हात घालून प्रथिनाच्या बाटलीत टेक्निशियम सोडलं, बाटली हलवली, थांबली. मग एक थेंब कागदाच्या पट्टीवर टाकून जोड नीट बसलाय का ते तपासलं. उत्तम बसला होता. शंभरात पंच्याण्णवच्या वर.

धुळ्याला लागेल तेवढं औषध तिने डब्यात बंद केलं. बाटलीत थोडं उरलं.

ते उरलेलं बघत ती उभी राहिली. पलीकडच्या खोलीतला मोठा कॅमेरा दहा वाजेपर्यंत रिकामा होता. चैत्रामला व्हीलचेअरवर बसवून लिफ्टने खाली आणायला कितीसा वेळ लागला असता? विभागाचे प्रमुख भूपेंद्र सर अजून यायचे होते. टेक्निशियन तिच्या शब्दाबाहेर नव्हता. मनातल्या मनात तिने सगळं मोजलं आणि मग, आपण काय मोजतोय हे लक्षात येऊन, बाटली शिशाच्या कपाटात ठेवली आणि हात धुतले. खूप वेळ धुतले.

वर गेली तर आईने जणू तिच्या मनातलंच ओळखलं होतं.

"तुझं ते औषध तयार झालं का आज?" जिवलीने विचारलं. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारात रोशनीनेच मोठ्या उत्साहाने दोघांना त्या औषधाबद्दल सांगितलं होतं.

"झालं."

"मग याला दे. कळू दे एकदाचं काय आहे ते."

"ते सशांसाठी आहे, आई."

"सशाला देतेस आणि भावाला देत नाहीस?"

शेजारच्या खाटेवरच्या बाईने मान वळवून बघितलं. रोशनी खाटेच्या कडेला बसली. चैत्रामचे डोळे तापाने लाल झाले होते, पण तो ऐकत होता.

"त्याने काही होईल का मला?" त्याने विचारलं.

"मला माहीत नाही."

"तू बनवलंयस आणि तुला माहीत नाही?"

"माणसाच्या अंगात ते काय करतं हे कुणालाच माहीत नाही, चैत्राम. जंतू नसतील तर ते खरंच गप्प बसतं का, असतील तर खरंच दाखवतं का, तेच बघायला मी धुळ्याला चाललेय. आज तुला टोचलं आणि त्यात काहीतरी दिसलं, तर त्या दिसण्यावर मी डॉक्टरांना काय सांगू? पाय उघडा म्हणू की उघडू नका म्हणू?"

आईने तोंड खिडकीकडे वळवलं. तिच्या पाठीवरून रोशनीला कळलं की आपलं बोलणं तिथपर्यंत पोचलेलं नाही, आणि आत्ता ते पोचवायला वेळही नाही.

पण एक गोष्ट करता येण्यासारखी होती. कालपासून ती स्टाफ म्हणून संकोचाने बाजूला उभी होती. ती तडक वॉर्डच्या डॉक्टरांकडे गेली. हाडांचे मोठे डॉक्टर बाहेरगावी होते आणि ते येईपर्यंत थांबायचं असं ठरलं होतं.

"सर, थांबू नका," ती म्हणाली. "याच्या डाव्या पायाचं काय झालं होतं ते केसपेपरवर नाही, मी सांगते." आणि तिने सगळं सांगितलं. "सोनोग्राफीत बघून सुईने थोडं पाणी काढता येईल का? उघडायच्या आधी? आणि आजच?"

डॉक्टर तरुण होते. त्यांनी ते केसपेपरवर लिहून घेतलं. "सोनोग्राफीत हाडालगत पाणी दिसलं तर काढू. दुपारी करतो. तुम्ही असाल?"

"मी धुळ्याला असेन. आई आहे."

रतिलाल गाडी लावून तयार होता. धुळ्याची ही फेरी नेहमी तोच करायचा. पन्नाशीचा, पारोळ्याकडचा माणूस. परवान्याचे कागद आणि किरणांचं पिवळं चिन्ह लावलेली पेटी मागे पक्की बांधायची सवय त्याला झाली होती, तरी दर वेळी तो एकदा विचारायचाच.

"ताई, हाई पेटीना माले काही तरास नै ना?"

"नाही रतिलालभाऊ. तुमच्या छातीवर तो किरणं मोजणारा बिल्ला लावलाय ना, तो सांगतो दर तिमाहीला."

"बिल्ला सांगस ते बराबर शे. पन तुमी सांगं म्हंजे माले बरं वाटस."

एरंडोल मागे पडलं. रोशनी फोन हातात धरून बसली होती. वॉर्डातून काहीच आलं नव्हतं.

धुळ्याच्या केंद्रात डॉ. किरण वाट बघत होता. तो जनावरांचा डॉक्टर, आणि सशांच्या बाबतीत तो कुणाचं ऐकत नसे. एक ससाही गरजेपेक्षा जास्त वापरायचा नाही, भूल दिल्याशिवाय सुई नाही, आणि काम झालं की लगेच उपचार, असे त्याचे नियम. आजचे तीन ससे तयार होते. प्रत्येकाच्या एका मांडीत जंतू, दुसऱ्या मांडीत रसायन टोचून आणलेली नुसती सूज. औषधाने दोन्ही मांड्यांमधला फरक ओळखायचा होता.

पहिल्या सशाला भूल दिली. किरणने त्याच्या लांब कानाच्या शिरेत औषध सोडलं. ठरलेला वेळ थांबून त्यांनी कॅमेरा सुरू केला आणि पडद्यावर ठिपके जमायला लागले.

गळा उजळला. पोट उजळलं. दोन्ही मांड्या काळ्याच राहिल्या.

"हे काय?" किरण म्हणाला.

रोशनीला कळलं होतं. टेक्निशियम प्रथिनाला सोडून एकटं फिरायला लागलं की ते गळ्यातल्या ग्रंथीत आणि पोटात जाऊन बसतं. "जोड सुटलाय," ती म्हणाली. "औषध राहिलंच नाही त्यात. सकाळी मी तपासलं होतं, किरण. पंच्याण्णवच्या वर होतं."

"बाकीच्या दोघांना द्यायचं?"

"नको. उगाच कशाला."

किरणने सशाच्या पाठीवर टॉवेल टाकला. तो रागावला नव्हता, पण स्पष्ट बोलला. "रोशनी, हा संसर्ग मी फार दिवस ठेवणार नाही. बुधवारी दुपारपर्यंत थांबतो. तोवर तुझं औषध नीट झालं तर हेच ससे वापरू. नाही झालं तर मी अँटिबायोटिक सुरू करणार आणि मग नव्या सशांची परवानगी तू माग."

परतीच्या वाटेवर पारोळ्याच्या अलीकडे फोन वाजला. वॉर्डचे डॉक्टर होते.

"सुई घातली. पू निघाला, थोडाच आहे, पण आहे. नमुना लॅबला पाठवलाय आणि अँटिबायोटिक सुरू केलंय. लवकर कळलं हे बरं झालं."

तिने आभार मानले, फोन ठेवला आणि रतिलालला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. उतरून ती बाभळीच्या सावलीत उभी राहिली.

या वेळी जंतू होते. आणि सकाळी तिने ते औषध चैत्रामला टोचलं असतं तर कॅमेऱ्यावर काय दिसलं असतं? मांडी काळी दिसली असती. गळा, पोट उजळलं असतं आणि मांडीत काही नाही, असं सगळ्यांनी म्हटलं असतं. तिनेही म्हटलं असतं. डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं नसतं. पू आत वाढत राहिला असता.

"काय व्हयनं ताई? घरना फोन व्हता का?" रतिलाल पाण्याची बाटली घेऊन मागे आला होता.

"भावाच्या पायात पू निघाला."

"मंग? दवाखानामा शे ना तो? बरा व्हई जाई. पानी पी ल्या पहिले."

ती पाणी प्यायली. तोंडावर मारलं. मग गाडीत बसल्यावर तिचं डोकं हळूहळू कामाला लागलं. सकाळी जोड चांगला होता आणि दोन तासांत सुटला. म्हणजे तो सुरुवातीपासूनच कच्चा होता. आधीच्या वेळी औषध टिकलं होतं, मग आज काय वेगळं झालं? प्रथिन तेच, बाटल्या त्याच. गाय नवी.

तिने भूपेंद्र सरांना फोन लावला.

"सर, जनरेटर शनिवारी आला आणि आज सकाळी पहिल्यांदा दोहला. दोन दिवस तो न दोहता तसाच उभा होता."

"बरं, मग?"

"निकामी झालेलं टेक्निशियम आत साचलं असणार. पेशंटच्या औषधांत जोडणारं रसायन भरपूर असतं, तिथे काही बिघडत नाही. आपल्या बाटलीत ते अगदी थोडं घातलंय. ते सगळं त्या निकामी मालावर खर्च झालं असेल तर ताज्याचा जोड टिकणार कसा?"

"शक्य आहे," सर म्हणाले. "पण अंदाजावर धुळ्याला जायचं नाही. सकाळची उरलेली बाटली आहे ना? आल्यावर तीच तपास. आणि उद्याच्या ताज्या मालातून एक बनवून फडताळावर ठेवून दे, धुळ्याला जायला लागतात तेवढा वेळ. मग तपास."

कपाटातली बाटली तिने आल्या आल्या तपासली. निम्म्याहून जास्त जोड सुटला होता. मंगळवारच्या ताज्या मालातून बनवलेली बाटली दोन तास फडताळावर राहिली, तीन तास राहिली, तरी पट्टीवर जवळजवळ तशीच उतरली. रोशनीने ती पट्टी दोनदा मोजली आणि मग वर जाऊन चैत्रामच्या खाटेशी बसून त्याच्या डब्यातली भाकरी खाल्ली. त्याचा ताप थोडा उतरला होता.

जेवता जेवता तिने आईला सोमवारचं सगळं सांगितलं. गळा, पोट, काळी मांडी. काही लपवलं नाही.

जिवली ऐकत राहिली. "म्हणजे ते औषध खोटं बोललं असतं," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"आणि तुला तेव्हा ते ठाऊक होतं?"

"नव्हतं. मला तर वाटत होतं की ते उत्तम झालंय."

आईने तिच्या ताटलीत आणखी एक भाकरी ठेवली. "खा. कालपासून जेवली नाहीस."

बुधवारी पहाटे ताजी दोहलेली गाय, नवी बाटली, तीच पेटी आणि तोच रस्ता. धुळ्याला पोचल्यावर रोशनीने आधी तिथेच पट्टी करून बघितली आणि मगच किरणला मान हलवून हो म्हटलं.

पहिला ससा. ठिपके जमायला लागले. गळा काळा, पोट काळं. मूत्रपिंडं आणि मूत्राशय उजळली, औषध बाहेर टाकलं जात असताना ती उजळणारच. आणि डाव्या मांडीत एक डाग हळूहळू उजळत गेला. उजवीत, जिथे नुसती सूज होती, तिथे धुरकट उजेडापलीकडे काही नव्हतं.

किरणने खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"जंतू कोणत्या मांडीत घातले होते?" रोशनीने विचारलं. मुद्दामच तिला ते आधी सांगितलेलं नव्हतं.

"डाव्या," किरण म्हणाला, आणि इतक्या मोठ्याने हसला की बाहेरचा माणूस आत डोकावून गेला.

दुसऱ्या सशातही तसंच दिसलं. तिसऱ्यात मात्र दोन्ही मांड्यांमधला फरक कमी होता; बघितलं तर दिसत होता, पण पैज लावण्याइतका नव्हता. का, ते त्यांना त्या दिवशी कळलं नाही. रोशनीने निष्कर्षात ते जसंच्या तसं लिहिलं. किरणने त्याच दुपारी तिन्ही सशांना अँटिबायोटिकचं पहिलं इंजेक्शन दिलं.

चैत्रामचं अँटिबायोटिक बरेच आठवडे चाललं. हाडांचे मोठे डॉक्टर आले, फोटो बघितले आणि म्हणाले की पू वेळेवर काढला, आता उघडायची गरज दिसत नाही. पहिल्यांदा तो वॉर्डाच्या टोकापर्यंत चालत गेला तेव्हा आई त्याच्या मागे हात पसरून चालत होती, आणि तो "अगं सोड ना, पडत नाही मी," असं म्हणत होता.

सुटी मिळायच्या दिवशी जिवली रोशनीला म्हणाली, "तो सशाचा फोटो आहे का तुझ्याकडे?"

रोशनीने मोबाइल काढला. जिवलीने तो हातात घेऊन लांब धरला, मग जवळ आणला. काळ्या पडद्यावर ठिपक्यांचा ससा, लांब कानांसकट, आणि मांडीत तो डाग. तिने त्या डागावर बोट ठेवलं.

"इथे दुखत होतं बिचाऱ्याला."

"हो."

"बरा झाला का?"

"दोघं बरे झाले. एक अजून थोडा लंगडतो, पण खातो-पितो. किरण म्हणतो होईल बरा."

चैत्रामने आईच्या खांद्यावरून फोटो बघितला. "आणि आमच्यासाठी कधी?"

"वर्षं लागतील. आधी आणखी ससे, मग परवानग्या, मग धडधाकट माणसांना थोडंसं देऊन बघायचं, त्यांना काही होत नाही ना ते. मग तुमचा नंबर."

"म्हणजे माझा नाही," तो म्हणाला. "जो आत्ता आश्रमशाळेत दुसरीत असेल त्याचा."

"कदाचित."

"असू दे. त्याचा तरी पाय उगाच नको उघडायला." मग त्याने विचारलं, "धडधाकट माणसं मिळतात का पण अशी? स्वतःहून?"

"मिळतात. मीच पहिलं नाव देणार आहे, मला घेतलं तर."

जिवली झटकन वळली. "तू?" ती म्हणाली, आणि तिने मोबाइल परत दिला. मग म्हणाली, "त्या दिवशी मला बोलव. मी बसेन शेजारी."

यावलची बस फलाटाला लागली होती. दारात केळीचे घड घेऊन चढणाऱ्यांची गर्दी होती. रोशनीने चैत्रामची पिशवी उचलायला हात पुढे केला, तर त्याने ती स्वतःच खांद्याला अडकवली, दांडा धरला, उजवा पाय पायरीवर ठेवला आणि वर चढला. खिडकीची जागा आईला देऊन तो कडेला बसला आणि लगेच पुढच्या सीटवरच्या माणसाला सावदा-फैजपूरकडचे केळीचे भाव विचारायला लागला.

बस हलली तशी रोशनी रिक्षा बघायला निघाली. नवीन जनरेटर दुपारी येणार होता, आणि या वेळी तो आल्या आल्या दोहून टाकायचा होता.